गुडघ्याच्या झिजेवर शॉकवेव्ह: सिटिंगआधी, टेबलावर आणि पुढचे बारा आठवडे

सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणारी बाई दिवसाचे सात-आठ तास मांडी घालून, पुढ्यात सूप घेऊन बसते. लूमवरचा कामगार अख्खी पाळी उभ्याने काढतो. दोघांचे गुडघे वेगवेगळ्या वाटेने झिजतात, पण पन्नाशीच्या आसपास दोघांची तक्रार एकच असते. खाली बसलं की उठवत नाही आणि जिना उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झालेली असते, ऑपरेशनची भीती असते आणि मग कुणीतरी ‘शॉकवेव्ह’चं नाव सांगतं.

या उपचाराकडून काय मिळतं ते आधीच सांगतो. दाबाच्या लहरींनी दुखणं काही आठवडे ते काही महिने कमी होऊ शकतं. त्या काळात मांडीचा स्नायू कमावला तर फायदा पुढे टिकतो. स्नायू तसाच ढिला राहिला तर तीन-चार महिन्यांत गुडघा पुन्हा पहिल्या जागी येतो आणि पैसे वाया जातात. खाली जे सांगितलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

मशीन काय करतं

‘शॉक’ या शब्दाने पुष्कळ जण घाबरतात. यात करंट नसतो. शरीराबाहेरून दाबाच्या लहरी आत पाठवायचं हे तंत्र माणसावर पहिल्यांदा १९८० साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये मुतखडा फोडण्यासाठी वापरलं गेलं. त्याच लहरी कमी ताकदीने हाडं, स्नायूबंध आणि सांध्यांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००० साली या गटातल्या मशीनला टाचदुखीसाठी मंजुरी दिली. टाचेसाठीचा पुरावा गुडघ्यापेक्षा जुना आणि भक्कम आहे. गुडघ्याच्या झिजेवरचे अभ्यास बहुतांशी लहान आहेत. दुखणं आणि चालणं सुधारल्याचं त्यांत दिसतं, पण रुग्णांवर लक्ष ठेवलेला काळ बहुधा काही महिन्यांचाच असतो.

मशीन दोन जातींची असतात. दवाखान्यांत जास्त दिसते ती रेडियल. तिच्या गनमध्ये दाबलेल्या हवेने एक छोटी धातूची गोळी नळीतून पुढे फेकली जाते आणि टोकावर आदळते. तो धक्का टोकातून कातडीत शिरतो आणि आत पसरत जातो. म्हणजे जोर कातडीजवळ सगळ्यात जास्त, आणि साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत कमी कमी होत गेलेला. हिचा दाब ‘बार’मध्ये मोजतात. दुसरी फोकस्ड. तिची लहर आत ठरावीक खोलीवर एकवटते आणि तिची ताकद मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. गुडघ्याची आतली सांधरेषा कातडीच्या अगदी जवळ असल्यामुळे बहुतेकांना रेडियल पुरते. गुडघ्याभोवती चरबीचा जाड थर असेल तर मात्र रेडियलचा जोर वाटेतच संपतो.

नावातल्या सारखेपणामुळे आणखी एक गोंधळ होतो. ‘शॉर्ट वेव्ह’ हा गरम शेक आहे. अल्ट्रासाउंडची प्रोब नुसती फिरत राहते, आवाज येत नाही. आयएफटी आणि टेन्स या सौम्य करंटच्या उपचारांत पॅड चिकटवतात आणि मुंग्या येतात. रेडियल शॉकवेव्ह टकटक वाजते आणि टोक हातोडीसारखं आपटत असल्याचं जाणवतं. बिलावर एक नाव आणि टेबलावर दुसरंच मशीन असेल तर हे एवढ्यावरून ओळखता येतं.

दुखणं कमी होण्याची दोन-तीन कारणं मानली जातात. जोरदार संवेदनेने दुखण्याचा संदेश नेणाऱ्या बारीक नसा काही काळ मंदावतात, त्या भागातली दुखणं वाढवणारी रसायनं घटतात आणि रक्तपुरवठा सुधारतो. ‘गादी परत भरते’, ‘हाडांमधला गॅप वाढतो’ असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. झिजलेला कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची ही गादी, माणसात या लहरींनी पुन्हा तयार होतो हे सिद्ध झालेलं नाही. नंतरच्या एक्स-रेत फरक दिसेल ही अपेक्षाही ठेवू नका.

गन लावण्याआधी

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, दोन्ही गुडघ्यांचा एकत्र. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर वजन नसतं. त्यामुळे गॅप आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि झीज कमी असल्याचा समज होतो. सिव्हिलच्या अस्थिरोग विभागात दाखवा किंवा खासगीत, फोटोच्या चिठ्ठीवर ‘उभं राहून’ लिहिलंय ना, एवढं बघा.

झीज ० ते ४ अशा पायऱ्यांत मोजतात. ही पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडली. शॉकवेव्हचा उपयोग दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत होण्याची शक्यता जास्त असते. चौथ्या पायरीत हाडाला हाड घासत असेल, पाय धनुष्यासारखा बाकदार झाला असेल आणि गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, तर लहरींवर पैसे घालवण्याआधी सांधेरोपणाबद्दल सर्जनशी नीट बोला.

दुखणं गुडघ्याचंच आहे ना, हेही तपासायचं. खुब्याच्या सांध्याचं आणि कमरेतल्या दबलेल्या नसेचं दुखणं गुडघ्यात उतरतं. पाठीवर झोपून गुडघा वाकवा आणि खुबा आत-बाहेर फिरवा. गुडघ्याऐवजी जांघेत कळ आली तर मूळ खुब्यात असू शकतं. कमरेपासून मांडीवरून ओढ येत असेल, पाय बधिर होत असेल तर मणका आधी बघावा लागेल. अशा गुडघ्यावर कितीही ठोके दिले तरी फरक पडत नाही. शॉकवेव्ह ‘लागू पडली नाही’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत मुळात हेच झालेलं असतं.

गुडघा लाल, गरम, टम्म फुगलेला असेल किंवा सोबत ताप असेल तर शॉकवेव्ह नकोच. संसर्ग, गाउट आणि संधिवात आधी तपासून घ्या. याशिवाय गरोदरपण, त्या भागातली गाठ किंवा कर्करोग, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, रक्त न गोठण्याचा आजार, रक्त पातळ करणारी जोरदार औषधं, वाढीच्या वयातली मुलं आणि त्याच गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा, यांपैकी काही असेल तर गन लावायची नाही. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी सिटिंगसाठी स्वतःच्या मनाने बंद करणं फार धोक्याचं आहे. तसं करू नका. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर मध्ये किमान सहा आठवडे जाऊ द्या.

लूमवर वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्यांच्या पायावर निळ्या, फुगलेल्या शिरा असतात. त्या शिरांवर टोक टेकवायचं नाही. मधुमेह जुना असेल तर आधी कापसाचा बोळा आणि बोथट टोक लावून पायाची संवेदना तपासायची. ज्याला दुखल्याचं नीट कळत नाही, तो ‘अजून वाढवा’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पाय काळानिळा होतो.

दिवस निवडणं

सिटिंग आठवड्यातून एक, अशी तीन ते पाच. ‘दहा दिवस रोज’ असं पॅकेज घेऊ नका. ठोक्यांनी पेशींना दिलेल्या चालनेला काम करायला मधले दिवस लागतात. रोज ठोकलं तर भाग नुसता सुजत राहतो.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी घागरी, बादल्या, पिंपं भरायची आणि वरच्या मजल्यावर चढवायची. असा दिवस किंवा त्याच्या आदला दिवस सिटिंगसाठी धरू नका. नंतरचे ४८ तास जड उचलणं, उकिडवं बसणं आणि पळणं टाळायचं असतं, आणि घरात पाणी आलेलं असताना हे कुणाला जमत नाही. विडी कामगार बायकांनी पानं-तंबाखू घेण्याचा आणि माल जमा करण्याचा दिवसही बघून ठेवावा.

साडी वर घेता येते, सैल पायजमाही चालतो. चुडीदार किंवा घट्ट लेगिंग घालून गेलात तर अडचण होते आणि मग कुणीतरी कपड्यावरूनच गन लावतं. कपडा मध्ये असेल तर हवेचा थर राहतो आणि लहर तिथूनच परत फिरते. त्या दिवशी गुडघ्याला तेल किंवा बाम लावू नका. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आदल्या दिवसापासून थांबवता येतील का, ते डॉक्टरांना विचारा. लहर जी सौम्य दाहाची प्रक्रिया सुरू करते तीच या गोळ्या दाबतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल पुरतं.

टेबलावर

पाठीवर झोपवून गुडघा साधारण ९० अंशांत वाकवायचा, तळवा टेबलावर टेकवायचा. इतका वाकत नसेल तर खाली चादरीची घडी ठेवून जमेल तेवढा. वाकलेल्या गुडघ्यात सांधरेषा उघडते आणि बोटाला लागते.

सगळ्यात महत्त्वाचं काम अंगठ्याचं आहे. वाटीच्या खाली, जाड स्नायूबंधाच्या आतल्या बाजूला एक मऊ खळगी लागते. तिथून अंगठा आतल्या बाजूने मागे सरकवत न्यायचा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं हाड आणि मध्ये एक बारीक खाच, तीच सांधरेषा. प्रत्येक अर्ध्या सेंटिमीटरवर थांबून, अंगठ्याचं नख पांढरं पडेल एवढा दाब द्यायचा. जिथे रुग्ण डोळे मिटतो किंवा ‘हां, हेच’ म्हणतो तिथे पेनाने फुली मारायची. मग सांधरेषेपासून तीन बोटं खाली, नडगीच्या आतल्या अंगाला दाबून बघायचं. तिथे तीन स्नायूंचे बंध येऊन मिळतात आणि झिजेच्या गुडघ्यात ती जागा वारंवार दुखरी असते. वाटीच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही बघायचं. बहुतेक गुडघ्यांत दोन ते चार फुल्या पडतात. फुल्या न मारता नुसती गन फिरवणं म्हणजे अर्धे ठोके वाया घालवणं.

तीन जागा कटाक्षाने सोडायच्या. गुडघ्याच्या मागची खळगी सोडायची, कारण तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते. बाहेरच्या बाजूला खाली जो हाडाचा गोल उंचवटा लागतो, त्याला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, म्हणून तोही सोडायचा. आणि वाटीच्या हाडावर थेट ठोकायचं नाही.

फुलीवर जेल लावायचं. थर पातळ आणि सलग हवा, त्यात बुडबुडे नकोत. जेल जास्त झालं की टोक घसरतं, कमी पडलं की कातडी घासली जाते. रेडियल गनला १५ मिमीचं टोक लावून ती कातडीला काटकोनात धरायची. सुरुवात १.५ बारने. पहिले दोनेकशे ठोके सवयीसाठी. मग रुग्णाला विचारत २ बार, जमलं तर २.५ आणि फार तर ३. वेग सेकंदाला ८ ते १० ठोके. सगळ्या फुल्या मिळून साधारण २००० ठोके. सेकंदाला ८ ठोके धरले तर हे काम चार मिनिटं दहा सेकंदांत संपतं. त्यामुळे ‘पाचच मिनिटांत आटपलं’ म्हणून फसल्यासारखं वाटून घेऊ नका. त्याआधीची अंगठ्याची तपासणी मात्र घाईत उरकलेली नसावी.

जोर किती, ते रुग्णाच्या तोंडून ठरतं. ० म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे असह्य, या मापात ठोके ५ ते ६ वाटले पाहिजेत. रुग्ण पाऊल ओढून घेत असेल किंवा श्वास रोखत असेल तर ०.३ बारने खाली या. मिनिटाभरात जागा थोडी बधिर होते, मग पुन्हा वर जाता येतं. भूल देणारं इंजेक्शन देऊन हा उपचार करू नये. टाचेवरच्या अभ्यासात भूल दिलेल्यांना फायदा कमी झाला होता. शिवाय दुखरी जागा सापडायला रुग्णाची जाणीवच लागते.

काही बिघाड मशीनचे असतात. लाइटचा दाब कमी-जास्त झाला की कॉम्प्रेसर धापा टाकतो, पडद्यावर २.५ बार दिसतं आणि टोक मात्र हळू आपटतं. आवाज अडखळला तर थांबायचं. गनमधली गोळी आणि नळी ठरावीक ठोक्यांनंतर झिजतात, मग लहर कमजोर आणि वेडीवाकडी येते. मशीनमध्ये ठोक्यांचा मोजणी-आकडा असतो, तो किती आहे आणि सुटे भाग कधी बदलले, हे विचारायला संकोच करू नका. ऑनलाइन मिळणारी हातात धरायची ‘शॉकवेव्ह’ यंत्रं मसाज करतात. त्यांच्यावर लिहिलेले आकडे दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघता येत नाहीत, त्यामुळे गुडघ्यासाठी ती घेऊ नका.

पहिले दोन दिवस

सिटिंगनंतर लगेच हलकं वाटतं. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ठणका लागतो, लाली येते, कधी निळा डाग पडतो. हे ४८ तासांत उतरायला हवं. त्या दिवशी गरम शेक आणि तेल रगडणं नको. मे महिन्यात अंग आधीच तापलेलं असतं, तेव्हा तर नकोच. सूज वाटली तर ओल्या थंड फडक्याची पट्टी दहा मिनिटं ठेवा. घरातलं चालणं सुरू ठेवा.

ठणका तीन दिवसांवर गेला तर पुढच्या सिटिंगला दाब ०.५ बारने कमी करायला सांगा. पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, पाऊल उचलेनासं झालं किंवा गुडघा एका जागी अडकला, तर पुढच्या सिटिंगची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खरं काम घरी

व्यायाम पहिल्या सिटिंगनंतर तिसऱ्या दिवशी सुरू करायचा, शेवटच्या सिटिंगनंतर नाही. पाय सरळ ठेवून बसा. सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीवर हात ठेवा, स्नायू दगडासारखा लागला पाहिजे. सहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही.

दुसरा व्यायाम झोपून. एक गुडघा वाकवा, दुसरा पाय पूर्ण सरळ ठेवून वीतभर उचला, पाच सेकंद धरा. गुडघा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही, मग टॉवेलचाच व्यायाम आठवडाभर चालू ठेवा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायामही जोडा. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की चालताना सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवा, पावलं खांद्याइतकी फाकवा, हात छातीवर घ्या. उठताना गुडघे आत पडू देऊ नका. बसताना धपकन न टेकता तीन आकडे मोजत खाली या. आठ-आठचे दोन फेरे, मग दर आठवड्याला दोन-दोनने वाढवा. व्यायामात दुखणं १० पैकी ३-४ पर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. आलं नाही तर व्यायाम बंद करायचा नाही, फेरे निम्मे करायचे.

लोक बहुतेक वेळा इथेच चुकतात. तिसऱ्या सिटिंगनंतर गुडघा हलका होतो, आत्मविश्वास येतो आणि माणूस कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघतो. दुखणं कमी झालेलं असतं, पण मांडीचा स्नायू अजून कच्चा असतो. पंचेचाळीस किलोमीटरमध्ये गुडघा पुन्हा सुजतो. देवीला जायचंच असेल तर सिटिंग संपल्यापासून बारा आठवडे मध्ये जातील, असा हिशोब आधीच मांडा. तोपर्यंत सिद्धेश्वर तलावाभोवती सपाट रस्त्यावर सकाळी वीस मिनिटं चाला आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

कामाची जागाही थोडी बदलावी लागते. विड्या वळताना मांडी घालण्याऐवजी बुटक्या स्टुलावर बसून सूप पाटावर ठेवता येतं. दर अर्ध्या तासाने पाय लांब करून दहा वेळा पाऊल वर-खाली करा. लूमवर उभ्या असणाऱ्यांनी पायाखाली जाड रबरी चटई टाकावी. घरातलं शौचालय बदलणं जमत नसेल तर उंच सीटची खुर्ची त्यावर ठेवता येते. वजन जास्त असेल तर एवढं लक्षात असू द्या की एक किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

फरक मोजायचा कसा

‘बरं वाटतंय’ यावर भागवू नका. पहिल्या सिटिंगच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आकडे लिहा. जिना उतरताना दुखणं १० पैकी किती. खुर्चीवरून हात न लावता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं. एका जागी न थांबता किती मिनिटं चालता येतं. हेच आकडे शेवटच्या सिटिंगला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला पुन्हा लिहा. परिणाम हळूहळू वाढतो आणि खरा अंदाज सहा ते बारा आठवड्यांत येतो. म्हणून दोन सिटिंगनंतर निराश होऊन सोडू नका. पण तीन सिटिंगनंतर एकही आकडा हलला नसेल तर चौथ्याचे पैसे भरण्याआधी निदान पुन्हा तपासून घ्या. खुबा, कंबर, एक्स-रे आणि मारलेल्या फुल्या, सगळं.

बाराव्या आठवड्याला फायदा दिसत असेल आणि पुढे सहा-आठ महिन्यांनी दुखणं परत वाढलं, तर पुन्हा दोन-तीन सिटिंग घेता येतात. त्यासाठी शेवटच्या दिवशी दवाखान्यातून एक चिठ्ठी लिहून घ्या. मशीन रेडियल की फोकस्ड, टोक किती मिमीचं, दाब किती बार, सेकंदाला ठोके किती, एकूण ठोके किती आणि फुल्या कुठे कुठे होत्या. चिठ्ठी एक्स-रेच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी फिजिओ दुसरा असला तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते तिच्यावरून कळेल.